पहिले तेरा रोगी

“शस्त्रवैद्याचा हात रोग्यावरच बसतो, रबराच्या बाहुल्यांवर नव्हे,” असें एक वाक्य आपल्याकडील वैद्यकीय संमेलनांतून, निरोपसमारंभांतून आणि नामांकित सर्जनांच्या मुलाखतींतून वारंवार ऐकूं येतें, आणि तें ऐकून श्रोतृवर्ग टाळ्याहि वाजवितो. वाक्य मोठें डौलदार आहे. त्यांत अनुभवाचा अभिमान आहे, पुस्तकी विद्येविषयींची किंचित् तुच्छता आहे, आणि परदेशी यंत्रापुढें मान न तुकविण्याचा बाणाहि आहे. ह्या तीन गोष्टी ज्या वाक्यांत एकवटल्या त्याला आपल्या समाजांत टाळ्या न मिळतील तरच नवल! परंतु टाळी वाजविण्यापूर्वीं त्या वाक्याचा अर्थ कोणीं लावून पाहिला आहे काय? हात रोग्यावर बसतो याचा अर्थ असा कीं, तो बसण्यापूर्वीं न बसलेला हातच कोणा तरी रोग्याच्या शरीरांत फिरतो. त्या रोग्याचें पुढें काय होतें, याविषयीं तें वाक्य मौन धरतें. त्या मौनाविषयीं येथें लिहावयाचें आहे.

ज्याचें सारें आयुष्य तर्कशास्त्र शिकविण्यांत गेलें त्यानें शस्त्रक्रियेविषयीं लिहावें हा अव्यापारेषु व्यापार आहे, असें कोणी म्हणेल. परंतु शस्त्राची मूठ ज्याच्या हातीं असते त्याला जितका ह्या विषयावर बोलण्याचा अधिकार आहे, तितकाच शस्त्राच्या धारेखालीं जो निजतो त्यालाहि आहे. आणि त्या टेबलावर कधीं ना कधीं निजणाऱ्यांत वाचक आणि लेखक दोघेहि येतात.

मोघम बोलण्यापेक्षां एक उदाहरण घेऊं. पित्ताशयांत खडे होऊन त्रास होऊं लागला म्हणजे तें काढून टाकतात. पूर्वीं त्यासाठीं पोटावर वीतभर छेद घ्यावा लागे. १९८५ सालीं जर्मनींत एरिख म्यूहे यानें, व १९८७ सालीं फ्रान्समधील लिआँ शहरांत फिलिप मूरे यानें, हेंच काम पोटास लहान छिद्रें पाडून, त्यांतून दुर्बीण व लांब दांड्याचीं हत्यारें आंत घालून केलें. भारतांत ही शस्त्रक्रिया प्रथम १९९० सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनीं केली. रोग्याला वेदना कमी, घरीं जाणें लवकर, व्रण नखाएवढा. तेव्हां ही पद्धति वणव्यासारखी जगभर पसरली यांत आश्चर्य नाहीं. परंतु ती करणाऱ्याच्या दृष्टीनें पाहिलें तर हें काम जुन्या कामाहून अगदींच निराळें होतें. डोळे पडद्यावर आणि हात पोटाबाहेर. हत्याराचें टोंक डावीकडे न्यावयाचें तर मूठ उजवीकडे ढकलावी लागते. सपाट चित्रावरून खोलीचा अंदाज करावयाचा. आणि बोटांना जो स्पर्श वाटेल तो हातभर दांड्याच्या पलीकडचा, बोथट झालेला. वीस वर्षें पोटें उघडण्यांत मुरलेला सर्जनहि ह्या कामापुढें पहिल्या दिवशीं नवशिकाच होता.

त्या नवशिकेपणाचा हिशेब सुदैवानें कागदावर उतरलेला आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील सर्जनांच्या ‘सदर्न सर्जन्स क्लब’ ह्या मंडळानें अशा १५१८ शस्त्रक्रियांची पाहणी १९९१ सालीं प्रसिद्ध केली. प्रत्येक सर्जन-गटाच्या पहिल्या तेरा रोग्यांत पित्तनलिकेस इजा होण्याचें प्रमाण शेंकडा २.२ होतें. चौदाव्या रोग्यापासून पुढें तें शेंकडा ०.१ वर आलें. सर्जन तोच, हत्यारें तींच, रोगहि तोच. फरक एवढाच कीं आपण रांगेंत कितवे आहों. तेरावा असाल तर धोका चौदाव्याच्या बावीसपट. आणि ही इजा म्हणजे ओरखडा नव्हे. पेन्सिलीहूनहि बारीक असलेली ही नळी चुकून कापली वा भाजली गेली कीं पित्त पोटांत पाझरतें, ताप आणि कावीळ यांचें सत्र सुरू होतें, पहिल्याहून कितीतरी मोठी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि कित्येकांच्या मागें यकृताचें दुखणें जन्माचें लागतें. सकाळीं येऊन एकदोन दिवसांत घरीं जाण्याचें आश्वासन मिळालेल्या माणसाची ही अवस्था!

आतां विचारावयाचें तें हें कीं ते पहिले तेरा कोण असतात?

आपल्याकडे सर्जन तयार होतो तो मुख्यतः सरकारी आणि महापालिकांच्या रुग्णालयांतील जनरल वॉर्डांत. नंदुरबारच्या पाड्यावरून चार वाहनें बदलून आलेली बाई, धारावींतला शिलाईकामगार, ऊसतोडीच्या हंगामांत पोटदुखी अंगावर काढून अखेर निरुपायानें दाखल झालेला मजूर, यांच्या देहांवर हात बसतो. बसलेला हात मग तेथेंच राहतो असें नाहीं. तो पुष्कळदां काचेच्या दारांच्या, थंड हवेच्या इस्पितळांत जातो, आणि तेथें आपल्यासारखे लोक, म्हणजे हें मासिक घेणारे लोक, त्याच्या कौशल्याची वाखाणणी करीत बिल चुकतें करतात. शिकण्याचें मोल एकानें द्यावें आणि शिकलेल्याचें फळ दुसऱ्यानें चाखावें, अशी ही वांटणी आहे. तिला कोणी दुष्टपणा म्हणणार नाहीं, कारण ती कोणीं ठरवून केलेली नाहीं. पण ठरवून न केलेला अन्याय सोसणाऱ्याला कांहीं हलका लागत नाहीं. निवासी डॉक्टरांवर आमचा मुळींच रोष नाहीं. दिवस आणि रात्र एक करून, भिंतीला टेकून डुलकी काढून तीं मुलें जी रुग्णसेवा करतात तिला तोड नाहीं. ज्या वयांत आणि ज्या थकव्यांत त्यांच्या हातीं शस्त्र दिलें जातें, त्याची लाज त्यांनीं नव्हे, देणारांनीं बाळगावयाची आहे.

कायद्यानेंहि ह्या वांटणीवर नकळत शिक्का मारला आहे. १९४९ च्या शरीरशास्त्रविषयक कायद्यानें मुंबई इलाख्यांतील बेवारस प्रेतें शिकण्यासाठीं महाविद्यालयांना देण्याची व्यवस्था केली, आणि तो कायदा महाराष्ट्रांत आजहि आहे. ज्याला मागें रडणारें कोणी नाहीं त्याचा देह विद्येच्या कामीं यावा, यांत निदान त्या देहाला यातना तरी नाहींत. जिवंताची गोष्ट निराळी. ग्राहकसंरक्षणाचा कायदा वैद्यकास लागू होतो असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं दिला; पण जेथें सर्वांनाच विनामूल्य उपचार मिळतात तेथील उपचार त्या कायद्याच्या कक्षेंत येत नाहींत, असेंहि त्याच निर्णयांत ठरलें. दिवाणी न्यायालयाचा दरवाजा उघडा आहे हें खरें. परंतु चार वाहनें बदलून आलेल्या त्या बाईनें वकील लावून तारखांमागून तारखा घालवाव्या, असें जो सुचवील त्यानें एकदां स्वतः तालुक्याच्या कचेरीच्या पायऱ्या झिजवून पाहाव्या. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीं ज्या संमतिपत्रावर ती अंगठा उठविते त्यांत धोक्यांची यादी असते. उद्यां सुरी धरणारा हात कितव्यांदा ती धरणार, हें तेवढें त्यांत नसतें. इंग्लंडांतील ब्रिस्टलच्या रुग्णालयांत लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांत जे अनर्थ घडले त्यांची चौकशी होऊन २००१ सालीं अहवाल निघाला. १९९१ ते १९९५ ह्या काळांत इतरत्र वांचतीं अशीं एका वर्षाखालील ३० ते ३५ मुलें तेथें अधिक दगावलीं, असा त्याचा निष्कर्ष होता. कारणें अनेक होतीं, तीं येथें उगाळीत नाहीं. मात्र त्या अहवालानें एक गोष्ट निःसंदिग्ध सांगितली कीं, शस्त्रक्रिया करणाराचा अनुभव किती हें जाणण्याचा हक्क रोग्याला आहे, आणि कोणतीहि क्रिया पहिल्यानें करणाराच्या शेजारीं तींत निष्णात असलेला माणूस प्रत्यक्ष हजर पाहिजे.

यावर उत्तर ठरलेलें असतें. “मग सर्जन तयार कसे व्हावयाचे? कोणी तरी पहिला रोगी असणारच!” युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. परंतु त्यांत जो डाव आहे तो आमच्या वर्गांतील साधा विद्यार्थीहि ओळखील. पहिला रोगी कोणी तरी असणारच. पण पहिल्या रोग्यावर पहिलाच प्रयत्न झाला पाहिजे, हें त्यांतून निघत नाहीं. तबलजी पहिल्या मैफलींत बसतो तेव्हां ती त्याची पहिली मैफल असते, पहिला ‘धा’ नसतो. आणि ज्या महाराष्ट्रांत मल्लखांब जन्माला आला, किंवा निदान नव्यानें उभा राहिला, त्या महाराष्ट्राला हें समजावून सांगण्याची पाळी यावी हें विशेष! दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभटदादा देवधर यांनीं त्या गुळगुळीत खांबाची विद्या ऊर्जितावस्थेस आणली. खांब कांहीं प्रतिपक्षी नव्हे. तो पेंच टाकीत नाहीं, घाम गाळीत नाहीं, डोळ्यांत माती फेंकीत नाहीं. म्हणून कोणा वस्तादानें “मल्ल हा मल्लावरच तयार होतो, लांकडावर नव्हे” असें म्हणून खांब उपटून टाकला नाहीं. पकड, पिळ आणि तोल खांबावर अंगीं बाणवावयाचे आणि मग हौद्यांत उतरावयाचें, हा क्रम त्याला कळत होता.

मल्लखांबाचें राहो. शस्त्रविद्येच्याच घरांतील साक्ष काढूं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील नववा अध्याय सर्वस्वीं ह्याच एका विषयाला वाहिलेला आहे. सुश्रुताच्या काळाविषयीं पंडितांत एकमत नाहीं; पण तो दोन हजार वर्षांच्या आसपासचा मानला तरी पुरे. शास्त्र सर्व शिकून झालेल्या शिष्याकडूनहि गुरूनें हा अभ्यास करवून घ्यावा, आणि ज्यानें तो केला नाहीं तो कितीहि विद्वान् असला तरी प्रत्यक्ष कर्माला अपात्र समजावा, असा त्या अध्यायाचा आशय आहे. आणि मग येते ती यादी वाचण्यासारखी आहे. छेद घेणें शिकावयाचें तें कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड, काकडी यांवर. फोडणें शिकावयाचें तें पाणी आणि चिखल भरलेल्या कातड्याच्या पिशव्यांवर आणि जनावरांच्या मूत्राशयांवर. खरवडणें ताणून बसविलेल्या केसाळ चामड्यावर. शीर वेधणें मेलेल्या पशूंच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर. व्रणांत शलाका घालून शोध घेणें कीड लागलेल्या लांकडांत आणि वेळूंत. रुतलेली वस्तु बाहेर ओढणें फणसाच्या व बेलफळाच्या गरांतून आणि मेलेल्या जनावरांचे दांत उपटून. टाके घालणें जाड व तलम वस्त्राच्या कडांवर आणि मऊ चामड्यावर. पट्ट्या बांधावयाच्या त्या मनुष्याकृति पुतळ्याच्या अवयवांवर. बस्ति देण्याचा सराव पाण्यानें भरलेल्या घागरीच्या तोटीवर!

ही यादी ज्यानें केली त्याला हें ठाऊक नव्हतें काय कीं भोपळ्यांतून रक्त येत नाहीं? त्याला तें आपल्यापेक्षां अधिक ठाऊक होतें. म्हणूनच त्यानें एका भोपळ्यावर सर्व भागविलें नाहीं. जें कर्म, त्याला जुळणारी वस्तु, असा मेळ बसविला. कापण्याला गर पाहिजे, वेधण्याला नळी पाहिजे, शिवण्याला कडा पाहिजे. आजच्या घडीला पाश्चात्त्य विद्यापीठांतून शस्त्रक्रियेचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यासाठीं निराळें साधन योजण्याची जी पद्धति मोठ्या गौरवानें सांगितली जाते, ती मूलतः हीच. ह्या अभ्यासाला सुश्रुताचा शब्दहि आहे: ‘योग्या’. ‘सिम्युलेशन’ ह्या शब्दाला मराठी प्रतिशब्द हवा म्हणून ज्या समित्या बसतात त्यांनीं ‘अनुकरण’, ‘आभास’, ‘प्रतिरूपण’ वगैरे टांकसाळींतून नाणीं पाडण्यापूर्वीं घरांतील पेटी उघडावयास हरकत नव्हती. परंतु आपण सुश्रुताचा केला तो पुतळा. रुग्णालयांच्या आवारांत, परिषदांच्या बोधचिन्हांवर, उद्घाटनाच्या समयीशेजारीं तो असतो. त्याला हार घालून “शस्त्रक्रियेचा जनक” म्हणावयाचें, आणि वर जाऊन व्यासपीठावरून “हात रोग्यावरच बसतो” असें सांगावयाचें! पुतळ्याला बोलतां येत नाहीं हें वक्त्याचें भाग्य.

आमच्या पुण्याचाहि ह्या कथेशीं संबंध आहे, आणि तो अभिमानानें सांगितला जातो तेव्हां नेमका कामाचा भाग गाळला जातो. टिपूबरोबरच्या १७९२ च्या युद्धांत इंग्रजी फौजेकडे असलेला कावसजी नांवाचा गाडीवान पकडला गेला व त्याचें नाक कापण्यांत आलें. पुढें पुण्याजवळ एका परंपरागत कारागिरानें कपाळाची कातडी उतरवून त्याला नवें नाक करून दिलें. ही हकीगत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ मासिकांत ऑक्टोबर १७९४ मध्यें छापून आली आणि तिनें युरोपचे डोळे उघडले. त्या कारागिरानें प्रथम काय केलें? मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागीं बसवून नाकाचा घाट घेतला. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, त्याच्या कडेनें रेघ ओढली, आणि मगच शस्त्र उचललें. चूक व्हावयाची ती मेणांत व्हावी, कातडींत होऊं नये. हें वर्तमान वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यानेंहि लगेच कोणाचें कपाळ सोललें नाहीं. शवांवर हात बसवून घेतला, आणि १८१४ च्या ऑक्टोबरांत, म्हणजे हकीगत छापल्यास वीस वर्षें होऊन गेल्यावर, पहिल्या जिवंत माणसावर ती क्रिया केली.

युरोपांतहि ही बुद्धि आधीं सुचली ती मोठमोठ्या आचार्यांना नव्हे, एका सुइणीला. मादाम द्यु कुद्रे हिनें कापड, चामडें आणि भरताड यांचा स्त्रीच्या कटिभागाचा पुतळा व त्यांतून बाहेर येणारें कापडी मूल तयार केलें. १७५९ सालीं फ्रान्सच्या राजानें तिला देशभर फिरून शिकविण्याची सनद दिली, आणि गांवोगांवच्या निरक्षर बायांनीं आडवें मूल कसें वळवावें हें त्या पुतळ्यावर हातानें चांचपून शिकून घेतलें. तिचा एक पुतळा रूआँ शहरांतील संग्रहालयांत अद्याप आहे. ज्यांना ‘बाहुल्या’ हा शब्द उपहासानें उच्चारण्याची संवय आहे त्यांना आणखी एक बाहुली दाखवितों. १९६० सालीं नॉर्वेमधील स्टाव्हांगर येथील आस्मुंड लॅर्डाल ह्या खरोखरीच्या खेळणीवाल्यानें बंद पडलेलें हृदय दाबून चालविण्याचा व श्वास देण्याचा सराव करण्यासाठीं एक बाई बनविली. चालत्या हृदयावर हा सराव करतां येत नाहीं आणि बंद पडलेल्यावर करण्याला वेळ नसतो. तेव्हां गेल्या साठांहून अधिक वर्षांत ह्या विद्येनें जेवढे जीव वांचविले ते बाहुलीवर बसलेल्या हातांनींच वांचविले.

“आम्ही हीं खेळणीं न वापरतांच सर्जन झालों ना?” हा दुसरा आक्षेप. झालांत, आणि चांगले झालांत. परंतु ह्या विधानांत जे बोलूं शकतात तेवढेच मोजले जातात. तुमच्या पहिल्या तेरांपैकीं ज्यांचें चांगलें झालें नाहीं ते ह्या सभेला आलेले नाहींत. येथें बहुधा हॉल्स्टेड याचें नांव पुढें करण्यांत येतें. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉप्किन्स रुग्णालय १८८९ सालीं उघडलें, आणि तेथें त्यानें वर्षानुवर्षें रुग्णालयांतच राहून पायरीपायरीनें जबाबदारी वाढविण्याची जी निवासी पद्धति घातली तीच आज जगभर चालते. “एक पाहावी, एक करावी, एक शिकवावी” ही म्हण लोक त्याच्या नांवावर खपवितात. परंतु त्याच संस्थेंत १९०५ सालीं हंटेरियन प्रयोगशाळा निघाली, आणि तेथें हार्व्ही कुशिंग याच्या हाताखालीं विद्यार्थ्यांना शस्त्रक्रियेचे धडे कुत्र्यांवर, माणसांवर करावयाच्या तशाच शिस्तीनें दिले जात. कुत्र्यांचा तो मार्ग आज आपल्याला रुचणार नाहीं, आणि त्याची गरजहि उरलेली नाहीं. सांगावयाचें एवढेंच कीं हॉल्स्टेडचें घरहि मल्लखांबावांचून नव्हतें.

तिसरा आक्षेप मात्र विचार करण्यासारखा आहे. यंत्र म्हणजे शरीर नव्हे. यंत्रावर पटाईत झालेला हात शरीरांतहि पटाईत ठरेल याला प्रमाण काय? प्रमाण आहे. येल विद्यापीठांत १६ निवासी सर्जनांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले. एका गटाला, निष्णात सर्जनांनीं गांठलेली पातळी गांठीपर्यंत, संगणकाच्या आभासी यंत्रावर सराव दिला. दुसऱ्याला नेहमींचेंच शिक्षण. नंतर दोन्ही गटांनीं खऱ्या रोग्यांचीं पित्ताशयें दुर्बिणीनें यकृतापासून सोडविलीं, आणि कोण कोणत्या गटांतला हें ठाऊक नसलेल्या परीक्षकांनीं त्यांची चित्रफीत तपासली. २००२ सालीं प्रसिद्ध झालेला निकाल असा: यंत्रावर शिकलेल्यांचें काम शेंकडा २९ जलद झालें, आणि न शिकलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याचा किंवा भलताच भाग भाजण्याचा संभव पांचपट होता. सोळा ही संख्या लहान आहे, हें कबूल. पण “हात रोग्यावरच बसतो” ह्या सिद्धांतामागें कोणतें प्रमाण आहे? एकहि नाहीं; आहे ती आठवण. यंत्रावर शिकलेलें सगळेंच रोग्यावर उपयोगी पडत नाहीं, यावरून कांहींच उपयोगी पडत नाहीं असें अनुमान काढणाऱ्या उत्तरपत्रिकेवर आम्ही तांबडी रेघ ओढतों.

वैमानिकांचें उदाहरण आतां गुळगुळीत झालें आहे, तरी त्यांतील एक बाजू सहसा कोणी सांगत नाहीं. एडविन लिंक हा अमेरिकेंतील पियानो व ऑर्गन बनविणाऱ्याचा मुलगा. ऑर्गनचे भाते वापरून त्यानें १९२९ सालीं जमिनीवरच हलणारें, झुकणारें खोटें विमान तयार केलें. लष्करानें त्याकडे ढुंकूनहि पाहिलें नाहीं. तें विकलें गेलें तें करमणुकीच्या बागांत, नाणें टाकून खेळण्यासाठीं. १९३४ सालीं विमानानें टपाल नेण्याचें काम एकाएकीं लष्कराकडे आलें, आणि धुक्यांत व बर्फांत, केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याची संवय नसलेल्या वैमानिकांपैकीं दहाहून अधिक कांहीं आठवड्यांत प्राणांस मुकले. तेव्हां मात्र लष्करानें तीं सहा खेळणीं तांतडीनें विकत घेतलीं. वैमानिकांना शहाणपण लवकर आलें, कारण चूक झाली कीं त्यांचाच देह पडतो. सर्जनाचा पडत नाहीं. आपल्या चुकीचा दंड आपणांस न होणाऱ्या धंद्यांत सुधारणा आपोआप होत नसते. ती बाहेरून मागावी लागते.

हाताच्या कौशल्यापेक्षां निर्णयशक्ति मोठी, आणि ती यंत्र शिकवील कशी, असेंहि विचारतात. येथेंहि अनुभव उलट आहे. स्टॅनफर्ड येथील डेव्हिड गाबा ह्या भूलतज्ज्ञानें १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस खऱ्याखुऱ्या शस्त्रक्रियागृहासारखी खोली मांडून, यांत्रिक पुतळ्याचा रक्तदाब मुद्दाम घसरवून, डॉक्टर, परिचारिका, सहायक अशा सगळ्या मंडळींची परीक्षा घेण्यास आरंभ केला. कोण आज्ञा देतो, कोण ऐकतो, कोणाला चूक दिसूनहि वरिष्ठांच्या भीतीनें बोलतां येत नाहीं, हें तेथें उघडें पडतें. आणि मग शांतपणें बसून त्यावर बोलतां येतें. खऱ्या रोग्याच्या उशाशीं त्या बोलण्याला सवड नसते, आणि तो दगावल्यावर इच्छा नसते. ज्या देशांत कनिष्ठ डॉक्टर “सर” म्हणून जो वाकतो तो सरळ होत नाहीं, त्या देशाला ह्या शिक्षणाची गरज स्टॅनफर्डपेक्षां कमी नाहीं.

राहतां राहिला पैशाचा प्रश्न. संगणकाचीं यंत्रें महाग आहेत, आणि तीं विकणारांचीं रंगीत पत्रकें वाचून आम्हीहि सावध झालों आहों. ह्या लेखांत त्यांची वकिली करावयाची नाहीं. २०१९ सालीं वैद्यकीय पदवीचा नवा अभ्यासक्रम आला आणि त्यानें महाविद्यालयांत कौशल्यशाळा पाहिजे असें ठरविलें, हें योग्यच झालें. पण खोली झाली, पुतळे आले, पावत्या फाईलला लागल्या, आणि तपासणीस मंडळी येण्याच्या आदल्या दिवशीं पुतळ्यांवरील प्लास्टिकचीं आवरणें काढावयाचीं व मंडळी गेल्यावर पुन्हां चढवावयाचीं, असा कारभार असेल तर त्या खोलीपेक्षां सुश्रुताचा भोपळा बरा. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा हात बसवावयाला एक खोकें, त्यांत एक लहान कॅमेरा, समोर पडदा, आणि दोन जुनीं हत्यारें पुरतात. अमेरिकेंत जी परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय २००९-१० पासून निवासी सर्जनाला तेथील शल्यमंडळाचें प्रमाणपत्र मिळत नाहीं, तिची प्रात्यक्षिकें अशाच खोक्यांत होतात. एका बाजूच्या खुंट्यांवरील रबरी तुकडे दुसऱ्या बाजूस न्यावयाचे, जाळीच्या कापडावर आंखलेलें वर्तुळ रेघ न सोडतां कापावयाचें, फांस अडकवावयाचा, टांका घालून गांठ मारावयाची. आणि हें सर्व घड्याळ लावून. असें खोकें पुठ्ठ्याचें करून त्यावर मोबाईल बसविणारे विद्यार्थी आपल्याकडेहि आहेत. त्यांना अडचण पडते ती पैशाची नव्हे, तासांची. चोवीस तास वॉर्डांत जुंपलेल्या मुलानें खोक्याशीं बसावयाचें केव्हां?

म्हणून मागणी करावयाची ती यंत्रांची नव्हे. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आठवड्यांतील कांहीं तास सरावासाठीं राखून ठेवावे, आणि त्या तासांत वॉर्डानें त्याला हांक मारूं नये. ठरविलेली पातळी खोक्यावर वा यंत्रावर गांठल्याचें, त्याच्याशीं लागेबांधे नसलेल्या परीक्षकानें तपासून, त्याच्या नोंदवहींत लिहिलें जावें. आणि ती नोंद नसेल तर त्याला रोग्याच्या पोटांत दुर्बीण धरूं द्यावी, हत्यार नव्हे. हा नियम निवासी मुलांप्रमाणेंच, नवें तंत्र शिकून आलेल्या पन्नाशीच्या तज्ज्ञालाहि लागू असावा. १९९१ चे ते आकडे ज्यांचे होते त्यांच्यांत मुरलेले सर्जनहि होतेच. आणि नंदुरबारच्या बाईसमोर जें संमतिपत्र ठेवावयाचें त्यांत, तिला समजेल अशा भाषेंत, एक ओळ वाढवावी: शस्त्रक्रिया कोण करणार, ही शस्त्रक्रिया त्यानें यापूर्वीं किती वेळां केली आहे, आणि शेजारीं कोण उभें राहणार. ती ओळ भरून तिच्यापुढें वाचून दाखविण्याचें काम विभागप्रमुखानें स्वतः करावें, आणि खालीं सहीहि त्यानेंच करावी.